ऐंशी मीटर, सात महिने: ओमाची बोगदा आणि कुमागाई गुमी

१ मे १९५७ रोजी ओमाची बोगदा मुखापासून १,६९१ मीटरवर अडला. जपानच्या नागानो प्रांतातून उत्तर आल्प्स पर्वताच्या पोटात शिरणारा हा बोगदा त्या दिवसापर्यंत दिवसाला कित्येक मीटर पुढे सरकत होता. त्या ठिकाणी फेस, म्हणजे बोगद्याच्या टोकाची खोदली जाणारी भिंत, फुटला, खडकाचा चुरा आणि बर्फासारखे गार पाणी आत घुसले आणि काम थांबले. चुऱ्याच्या पट्ट्याची रुंदी अवघी ८० मीटर निघाली, पण तो पार व्हायला २ डिसेंबर उजाडला. २१५ दिवसांत ८० मीटर, म्हणजे दिवसाला सरासरी ३७ सेंटिमीटर.

बोगदा खोदणारी कंपनी होती कुमागाई गुमी. ती पुढे हाँगकाँग, सिडनी, तैपेई आणि दिल्लीपर्यंत पोचली. तिची तांत्रिक पत ज्या कामावर उभी राहिली त्यांत या ऐंशी मीटरना पहिले स्थान द्यावे लागते. म्हणून इथे कंपनीच्या सगळ्या कामांची जंत्री न देता हे एक प्रकरण तपशिलात मांडले आहे आणि त्याच्या मागचे-पुढचे लागेल तेवढेच घेतले आहे.

कंपनी तिथवर कशी आली

फुकुई हे जपान समुद्राच्या बाजूचे शहर. कुमागाई सानतारो यांनी तिथे १८९८ मध्ये काम सुरू केले. दगडकाम, जलविद्युत प्रकल्पांचे कालवे, रेल्वेची कामे अशी वाढ होत गेली आणि १९३८ मध्ये रीतसर कंपनीची नोंदणी झाली. डोंगराळ भागातली अवघड कामे घ्यायची ही तिची सवय सुरुवातीपासूनची. तेनऱ्यू नदीच्या अरुंद, उभ्या दरीतून गेलेली सानशिन रेल्वे, म्हणजे आजच्या ईदा मार्गाचा एक भाग, हे त्या काळातले मोठे काम. बोगदा संपला की पूल आणि पूल संपला की बोगदा, अशी ती वाट आहे.

खरा बदल झाला तो साकुमा धरणावर. हे धरणही तेनऱ्यूवरच, उंची १५५.५ मीटर. १९५३ ते १९५६ अशा जेमतेम तीन वर्षांत ते पुरे झाले. जुन्या पद्धतीने याला दहा वर्षे लागली असती, असा तेव्हाचा अंदाज होता. हाझामा गुमी आणि कुमागाई गुमी या दोन कंपन्यांनी अमेरिकी कंत्राटदाराच्या तांत्रिक साह्याने आणि अमेरिकेतून आणलेल्या अवजड यंत्रांनी हे काम केले. मोठे डंपर, पॉवर शोव्हेल, बुलडोझर आणि एकाच वेळी अनेक भोके पाडणारे ड्रिल जंबो जपानी अभियंत्यांनी एवढ्या प्रमाणावर पहिल्यांदा इथेच वापरले. बोगद्यांच्या दृष्टीने त्यातली मोलाची गोष्ट होती पूर्ण छेदाची खोदाई. आधी वरचा अर्धा भाग किंवा बाजूचे छोटे बोगदे खोदून मग छेद वाढवत नेण्याऐवजी अख्खा फेस एकदम ड्रिल करायचा, एकदम उडवायचा आणि मोठ्या यंत्रांनी मक, म्हणजे फुटलेल्या खडकाचा ढिगारा, उपसायचा. खडक चांगला असेल तर या पद्धतीइतकी वेगवान पद्धत त्या वेळी दुसरी नव्हती.

हे शिक्षण आणि ही यंत्रे घेऊनच कुमागाई कुरोबे नदीवरच्या धरण प्रकल्पावर आली. ओमाची बोगदा याच प्रकल्पाचा भाग.

बोगद्यावर काय अडून होते

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये विजेची टंचाई होती, आणि ओसाका-कोबेच्या कारखानदारीला ती सर्वांत जास्त जाणवत होती. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या कानसाई इलेक्ट्रिक पॉवर कंपनीने कुरोबे नदीवर चौथे मोठे जलविद्युत केंद्र बांधायचे ठरवले. कंपनीचे अध्यक्ष ओतागाकी शिरो यांचा हा निर्णय. जागा जलविद्युतला उत्तम होती, कारण पाऊस-बर्फ भरपूर आणि नदीचा उतार तीव्र. बांधकामाला मात्र इतकी वाईट जागा शोधून सापडली नसती. दोन्ही बाजूंना ३,००० मीटरच्या आसपासची शिखरे, हिवाळ्यात महिनोन्‌महिने बंद होणारी दरी आणि हिमस्खलन. याच नदीवरच्या तिसऱ्या केंद्राच्या कामावर डिसेंबर १९३८ मध्ये एका हिमस्खलनाने कामगारांची वस्ती उडवली होती आणि ८४ माणसे गेली होती.

धरणाची जागा १,४०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर, तिथे रस्ता नाही. सुरुवातीचे सामान तातेयामाच्या बाजूने खिंड ओलांडून हमालांच्या पाठीवर, घोड्यांवर, बर्फावरून ओढत नेले गेले. धरणाचे कंत्राट घेतलेल्या हाझामा गुमीने अशी यंत्रे सुटी करून पलीकडे नेली. पण १८६ मीटर उंच आणि ४९२ मीटर लांब माथ्याच्या कमानी धरणाला सुमारे १५.८ लाख घनमीटर काँक्रीट लागणार होते. एवढ्या कामाचे सिमेंट, क्रेन आणि इंधन पाठीवरून नेणे शक्य नव्हते. ओमाचीच्या बाजूने पर्वत भेदून ५.४ किलोमीटरचा वाहतूक बोगदा हाच एक मार्ग होता. तो पुरा होईपर्यंत धरणाचे मुख्य काम सुरूच होऊ शकत नव्हते. आजच्या भाषेत, सगळा क्रिटिकल पाथ या एका बोगद्यातून जात होता.

प्रकल्प पाच मोठ्या कंपन्यांत वाटला होता: हाझामा, काजिमा, कुमागाई, सातो कोग्यो आणि ताइसेई. धरण हाझामाकडे, भूमिगत वीजगृह ताइसेईकडे, आणि ओमाचीकडून बोगदा कुमागाईकडे. प्रत्यक्ष फेसवर खोदणारी माणसे पोट-कंत्राटदाराची. कुमागाईच्या हाताखाली हे काम सासाजिमा नोबुयोशी यांच्या टोळीने केले. जपानी बांधकामाची ही घडण समजून घेणे आवश्यक आहे. मुख्य कंपनीकडे अभियंते, यंत्रे, भांडवल आणि मालकाशी बोलणी. पोट-कंत्राटदाराकडे वर्षानुवर्षे एकत्र काम केलेली, एकमेकांचा इशारा ओळखणारी माणसे. बिकट प्रसंगी फेस सोडायचा की धरून ठेवायचा, हे त्या टोळीच्या प्रमुखाच्या शब्दावर ठरत असते.

नेमके काय घडले

हा भाग इतोइगावा-शिझुओका या जपानमधल्या मोठ्या भ्रंशरेषेपासून फार दूर नाही. पर्वत मुख्यतः ग्रॅनाइटचा. ग्रॅनाइट अखंड असेल तर बोगद्याला त्यासारखा खडक नाही. पण भ्रंशाच्या हालचालींत त्याचा काही ठिकाणी पार चुरा होतो. मग तिथे खडक उरत नाही, वाळू, खडी आणि चिकणमाती यांचे मिश्रण उरते. आपल्याकडचे बोगदा-अभियंते त्याला शीअर झोन म्हणतात. हा पट्टा दोन कामे करतो. दोन्ही बाजूंच्या तडकलेल्या खडकातले पाणी स्वतःत ओढून घेतो आणि त्यातली चिकणमाती भिंतीसारखी उभी राहून ते पाणी पलीकडेच तुंबवून ठेवते. बोगदा त्या भिंतीला भोक पाडतो, आणि वर शेकडो मीटर उंचीपर्यंत साठलेल्या पाण्याला वाट मिळते.

सह्याद्रीत बोगदा खोदणाऱ्याचा अनुभव वेगळा असतो. बेसाल्टचे थर बरेचसे आडवे असतात. त्रास होतो तो दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्टीचा किंवा उभ्या भेगांमधून येणाऱ्या पावसाळी झिरप्याचा. पट्टीचा अंदाज शेजारच्या बोअरवरून बराच लागतो. भ्रंशपट्टा तिरका किंवा उभा असल्याने डोंगरमाथ्यावरून घेतलेले बोअर त्याला चुकवून जाऊ शकतात, आणि आच्छादन जाड असेल तर पृष्ठभागावरच्या खुणांवरून तो खाली नेमका कुठे आणि किती रुंद असेल, हे सांगणे कठीण जाते.

कुरोबेला मोजलेले आकडे असे: पाणी सेकंदाला ६६० लिटरपर्यंत, तापमान ४ अंश, दाब दर चौरस सेंटिमीटरला ४२ किलोपर्यंत.

या आकड्यांचा अर्थ लावून पाहू. सेकंदाला ६६० लिटर म्हणजे दिवसाला ५ कोटी ७० लाख लिटर. ४२ किलो दाब म्हणजे सुमारे ४२० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. १० सेंटिमीटर लांब-रुंद तुकड्यावर, म्हणजे तळहाताएवढ्या जागेवर, ४.२ टन भार. फेसपुढे फळ्या ठोकून हा दाब अडवणे अशक्य. आणि ४ अंशांच्या पाण्यात भिजलेला माणूस थोड्याच वेळात बोटांची पकड गमावतो. नट आवळणे, फळी धरणे, ड्रिलचे रॉड जोडणे ही सगळी कामे पकडीवर चालतात. एरवी जी पाळी तासांत मोजायची, ती अशा पाण्यात फार लवकर संपते आणि माणसे सतत बदलावी लागतात.

वेळही प्रतिकूल होती. मेच्या सुरुवातीला वरचा बर्फ वितळू लागतो, म्हणजे पर्वतात सर्वांत जास्त पाणी मुरायच्या काळात बोगद्याने तो पट्टा गाठला.

पूर्ण छेदाची पद्धत इथे का कोलमडली, ते पाहणे महत्त्वाचे आहे. कोणताही खडक उघडा पडल्यावर काही काळ आधाराविना उभा राहतो. चांगल्या ग्रॅनाइटमध्ये हा काळ मोठा असतो, चुऱ्यात मिनिटांचा. शिवाय उघडा पडलेला पसारा जितका रुंद, तितका हा काळ कमी. पूर्ण छेदात अख्खा फेस एकदम उघडा पडतो, आणि रिब, म्हणजे आधाराची पोलादी कमान, उभी करून तिच्यामागे सुटा खडक अडवणाऱ्या लॅगिंगच्या फळ्या घालायला वेळ लागतो. त्या वेळाआधीच माथा सुटला की रिबवर भार नीट न येता झटक्याने एका बाजूने येतो आणि पोलादी कमान वाकते. ओमाचीत पोलादी आधार वाकले, लाकडी आधार मोडले. पुढे सरकण्याचे प्रयत्न मागच्या आधारांनाच धोका देऊ लागले.

एक गोष्ट मात्र नशिबाने अनुकूल होती. ओमाचीकडून बोगदा चढावर खोदला जात होता. आत येणारे पाणी आपोआप मुखाकडे वाहून जाई. हाच पट्टा उताराच्या फेसवर लागला असता तर सेकंदाला ६६० लिटर पंपाने उपसावे लागले असते, आणि वीज गेली की फेस, यंत्रे आणि माणसे पाण्याखाली. बोगद्याची दिशा ठरवताना चढाचा फेस पसंत करतात तो याच कारणासाठी.

उपाय: क्रम चुकला की सगळे चुकते

सात महिन्यांत जे केले गेले त्याचे चार भाग पाडता येतात. ते एकापाठोपाठ एक संपले नाहीत, एकमेकांत गुंतून चालू राहिले. पण त्यांचा अंतर्गत क्रम पक्का आहे: आधी पाणी काढायचे, मग जमीन घट्ट करायची, मग खोदायचे आणि लगेच अस्तर द्यायचे.

पहिला भाग पायलट बोगद्यांचा. मुख्य बोगद्याच्या बाजूने लहान छेदाचे बोगदे पुढे काढले गेले. असे दहा बोगदे खोदले, मिळून सुमारे ५०० मीटर. ज्या पट्ट्याची रुंदी ८० मीटर, त्यासाठी ५०० मीटर. लहान बोगद्याचे फायदे दोन. छेद लहान असल्याने जमीन जास्त वेळ उभी राहते. आणि तो मुख्य फेसच्या पुढे जाऊन पाण्याला दुसरी वाट देतो, त्यामुळे मुख्य फेसवरचा दाब उतरतो. दहाची संख्याच सांगते की एका पायलटने भागले नाही. एक अडला की दुसऱ्या बाजूने, दुसऱ्या कोनात नवा सुरू करायचा. अडलेला पायलटही वाया जात नाही, तो निचऱ्याचे काम करत राहतो.

दुसरा भाग निचऱ्याच्या बोअरचा. १२४ बोअर, एकूण लांबी सुमारे २,९०० मीटर, म्हणजे एक बोअर सरासरी २३-२४ मीटर. चुऱ्यात आडवे बोअर मारणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. भोक पाडले की ते बुजते, रॉड अडकतात, दाबाखालचे पाणी रॉडलाच मागे ढकलते. म्हणून भोक बुजू न देणारा केसिंग पाइप सोबत न्यावा लागतो आणि तोंडाशी झडप बसवल्याशिवाय खोल जाता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बोअरमधून येणारे पाणी कसे आहे ते बघणे. स्वच्छ पाणी आले तर निचरा होतो आहे. गढूळ, वाळू घेऊन येणारे पाणी आले तर जमीन आतून धुपते आहे आणि बोअरभोवती पोकळी तयार होते आहे. ती पोकळी पुढे माथ्यावर कोसळते. त्यामुळे पाण्याच्या मोजणीबरोबर त्यातल्या गाळाची नोंद ठेवणे भाग असते. आजही अनेक कामांवर लिटरचा आकडा लिहितात आणि गाळाचा रकाना रिकामा सोडतात. आमच्या मते लिटरच्या आकड्याइतकाच तो रकाना मोलाचा आहे.

तिसरा भाग ग्राउटिंगचा, म्हणजे जमिनीतल्या फटींत दाबाने पातळ मिश्रण भरून ती घट्ट करण्याचा: आधी सिमेंट आणि मग रसायने. वाहत्या पाण्यात सिमेंटचे ग्राउट टाकले की ते घट्ट होण्याआधीच धुऊन जाते. म्हणूनच निचरा आधी. पाण्याला बाजूची वाट मिळून प्रवाह मंदावला की मगच ग्राउट जागेवर बसते. दुसरी अडचण कणांच्या आकाराची. सिमेंटचा कण भेगेत जातो, बारीक वाळूच्या कणांमधल्या फटीत जात नाही. तो तोंडाशीच गाळला जातो. पंपाचा दाब वाढताना दिसतो, माणसाला वाटते की जमीन भरली, प्रत्यक्षात फक्त भोकाचे तोंड बंद झालेले असते. तिथे रसायने लागतात. ती पाण्यासारखी पातळ असताना आत शिरतात आणि ठरलेल्या वेळाने गोठतात. गोठण्याचा वेळ तापमानावर अवलंबून असतो, आणि ४ अंशांच्या पाण्यात तो बराच लांबतो. प्रयोगशाळेत खोलीच्या तापमानाला ठरवलेले प्रमाण जागेवर तसेच वापरले की ग्राउट गोठण्याआधी वाहून जाते. रसायनांचे प्रमाण जागेवरच्या पाण्यात, जागेवरच्या तापमानाला तपासून ठरवावे लागते.

चौथा भाग खुद्द खोदाईचा. निचरा आणि ग्राउटिंगने जेवढी जमीन हाताळण्याजोगी झाली तेवढीच खोदायची, लहान घासाने. रिब जवळजवळ, मागे फळ्या, मोकळी जागा भरून काढायची आणि काँक्रीटचे अस्तर शक्य तितके फेसजवळ आणायचे. साकुमाहून आणलेली मोठी यंत्रे या टप्प्यात फारशी उपयोगी नव्हती. वेगासाठी उभ्या केलेल्या संघाला इंच-इंच काम करायला बसवणे ही व्यवस्थापनाची अवघड कसोटी असते. ड्रिल जंबोवरचा माणूस आणि आधार उभा करणारा जुना कारागीर, या दोघांचे महत्त्व एका दिवसात बदलते.

आणखी एक घटक प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. शरद ऋतू संपत आला तसा डोंगरमाथा गोठू लागला, मुरणारे पाणी कमी झाले आणि बोगद्यातला झिरपाही उतरला. उपायांना यश आले ते बऱ्याच अंशी या काळात. मेमध्ये हेच उपाय एवढ्या लवकर लागू पडले असते असे म्हणता येत नाही. पण उन्हाळाभर पायलट, बोअर आणि ग्राउटिंग झालेच नसते, तर पाणी उतरल्यावर हाती काहीच तयार नसते, आणि पुढच्या वसंतात पुन्हा तेच पाणी.

२ डिसेंबरला पट्टा पार झाला. पुढचा खडक चांगला लागताच पुन्हा पूर्ण छेदाची खोदाई सुरू झाली. दरम्यान हाझामाच्या लोकांनी धरणाच्या बाजूनेही खोदत यायला सुरुवात केली होती. २५ फेब्रुवारी १९५८ रोजी दोन्ही फेस मिळाले. पट्टा पार झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत.

पैसा कोणी सोसला

या प्रकरणावर लिहिताना बहुतेकांचे लक्ष पाण्यावर आणि धैर्यावर जाते. पैशाची बाजू तितकीच निर्णायक होती. काम थांबल्यावर कानसाई इलेक्ट्रिकचे अध्यक्ष ओतागाकी स्वतः बोगद्यात फेसपर्यंत गेले आणि या पट्ट्यासाठी पैसा कमी पडू देणार नाही अशी भूमिका कंपनीने घेतली. त्या काळात वीज कंपनीच्या कार्यालयांतून पेन्सिल-कागदापर्यंत काटकसरीची मोहीम चालली. या निर्णयाचा अर्थ असा की दहावा पायलट खोदावा की नाही हे ठरवताना कुमागाईला आधी स्वतःचा तोटा मोजावा लागला नाही. जमिनीची सगळी जोखीम कंत्राटदाराच्या गळ्यात असती, तर तिसऱ्या-चौथ्या पायलटनंतर कोणतीही कंपनी हात आखडता घेती किंवा घाईने मुख्य फेस पुढे रेटती. घाईने रेटलेल्या फेसची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते.

जून १९६३ मध्ये प्रकल्प पुरा झाला. एकूण खर्च ५,१३० कोटी येन, त्यात जागतिक बँकेचे ३ कोटी ७० लाख डॉलरचे कर्ज. फ्रान्समधले मालपासे हे कमानी धरण डिसेंबर १९५९ मध्ये फुटल्यावर बँकेने कुरोबेची उंची कमी करण्याचा आग्रह धरला होता. खडकाच्या व्यापक चाचण्या करून १८६ मीटर उंची राखली गेली. वीजगृह पूर्ण भूमिगत आहे, ११७ मीटर लांब, २२ मीटर रुंद आणि ३३ मीटर उंच गुहेत, कारण हिमस्खलनाचा धोका आणि राष्ट्रीय उद्यानाच्या अटी. सगळ्या कामावर मिळून सुमारे १ कोटी मनुष्यदिवस लागले आणि १७१ माणसे मरण पावली. त्यांची नावे धरणाजवळच्या स्मारकावर कोरलेली आहेत. १७१ हा आकडा तांत्रिक यशाच्या खाली तळटीप म्हणून लिहिण्याचा नाही. आजच्या कोणत्याही निकषावर तो मान्य होण्यासारखा नाही, आणि तेव्हाच्या वेगाचे कौतुक करताना तो शेजारीच ठेवून वाचला पाहिजे.

यानंतरची कंपनी

कुरोबेनंतर बोगद्यांच्या बाबतीत कुमागाईचे नाव देशभर झाले. होन्शू आणि होक्काइदो जोडणाऱ्या ५३.८५ किलोमीटरच्या सेइकान बोगद्यातही ती होती, होन्शूच्या बाजूच्या संयुक्त कंत्राटात. समुद्राखालच्या २३.३ किलोमीटरमध्ये पुढे पायलट बोगदा, त्यापुढे लांब बोअर आणि भोवती ग्राउटिंग हीच साखळी वापरली गेली. फरक एवढाच की इथे ती अडचण आल्यावर जुळवलेली नव्हती, पहिल्या दिवसापासून योजनेत होती.

परदेशातली वाढ १९७० नंतरची. हाँगकाँगमध्ये समुद्राखालून रस्ता आणि रेल्वे दोन्ही नेणारा ईस्टर्न हार्बर क्रॉसिंग १९८९ मध्ये सुरू झाला. तिथे कुमागाई नुसती कंत्राटदार नव्हती. बांधा, चालवा आणि हस्तांतरित करा या तत्त्वावरच्या कंपनीची ती प्रमुख भागीदार होती. बँक ऑफ चायनाचा उंच मनोरा तिनेच बांधला. सिडनी हार्बरखालचा बोगदा ट्रान्सफिल्ड या ऑस्ट्रेलियन कंपनीबरोबर बांधला, तो १९९२ मध्ये खुला झाला.

त्याच वर्षी कंपनीच्या हाँगकाँग शाखेने चीनच्या हाइनान बेटावरच्या यांगपूमध्ये ३० चौरस किलोमीटर जमीन ७० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. हे उदाहरण प्रातिनिधिक आहे. १९८०च्या दशकात जपानी बांधकाम कंपन्या कामे मिळवण्यासाठी स्वतःच जमिनी घेऊ लागल्या, विकसकांच्या कर्जांना हमी देऊ लागल्या. जमिनीचे भाव चढत होते तोवर ताळेबंद छान दिसत होता. भाव कोसळल्यावर हमी दिलेली कर्जे कंपनीच्याच अंगावर आली. २००० मध्ये बँकांकडे कर्जमाफी मागावी लागली आणि ४०,००० कोटी येनपेक्षा जास्त रकमेवर पाणी सोडले गेले. त्यानंतरही कंपनीला मालमत्तेचा व्यवसाय बाजूला काढावा लागला. तोबिशिमा कंपनीशी विलीनीकरणाची बोलणी झाली, पण ती तडीस गेली नाहीत. आमचे मत असे: कुरोबेत कंपनी अज्ञात जमिनीत शिरताना एकेक बोअर मोजत होती आणि जोखीम मालकाशी वाटून घेत होती. मालमत्ता व्यवसायात तिने बोअरही घेतले नाहीत आणि जोखीमही वाटून घेतली नाही.

याच पडझडीच्या काळात ५०८ मीटर उंचीच्या तैपेई १०१ चे बांधकाम कुमागाईच्या नेतृत्वाखालच्या गटाने पुरे केले. ३१ मार्च २००२ च्या भूकंपात तिथल्या क्रेन कोसळून पाच जण गेले होते. दिल्ली मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात विश्वविद्यालय ते काश्मिरी गेट हा भूमिगत भाग कुमागाई, स्वीडनची स्कान्स्का, जपानची इतोचू आणि मुंबईची हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी यांच्या संयुक्त गटाने बांधला. तो २० डिसेंबर २००४ रोजी सुरू झाला. यातली मुंबईची कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये काढलेली, बोर घाटातले रेल्वे बोगदे हे तिचे सुरुवातीचे काम. घाटातून वर आलेल्या दोन कंपन्या दिल्लीच्या मातीत एकत्र आल्या. २०१७ मध्ये सुमितोमो फॉरेस्ट्री ही कंपनी कुमागाईची मोठी भागधारक झाली.

आजच्या कामासाठी

हिमाचलमधल्या अटल बोगद्यात, स्ट्राबाग आणि मुंबईच्या ॲफकॉन्सच्या संयुक्त गटाला सेरी नाल्याखाली ५८७ मीटरचा असाच भ्रंशपट्टा लागला, आणि तो पार व्हायला काही वर्षे गेली; बोगद्याचे दोन्ही फेस ऑक्टोबर २०१७ मध्ये मिळाले. मधल्या साठ वर्षांत यंत्रे, रसायने आणि मोजमापे खूप सुधारली, तरी असा पट्टा वर्षे खातो. म्हणून भ्रंशाची शक्यता असलेल्या बोगद्याच्या निविदेत काही गोष्टी आधीच लिहिलेल्या असाव्यात.

फेसपुढची जमीन आधीच तपासणारे प्रोब बोअर हा रोजच्या कामाचा भाग हवा, आणि आधीचा बोअर संपण्यापूर्वी पुढचा सुरू झालेला हवा, म्हणजे फेसपुढे ठरावीक लांबी कायम तपासलेली राहते. त्याचा दर वेगळा, मीटरवर. नाहीतर वेळ वाचवायला सर्वांत आधी तोच गाळला जातो. बोअरमधून किती पाणी आले की खोदाई थांबवायची, तो आकडा कंत्राटात लिहिलेला हवा. थांबवण्याचा अधिकार फेसवरच्या अभियंत्याला हवा, मुख्यालयाच्या परवानगीची वाट पाहायला लावू नये. निचऱ्याचे बोअर, सिमेंट ग्राउट, रसायन ग्राउट आणि पायलट यांचे दर आधीच ठरलेले असावेत, कारण पाणी आत आल्यावर दर ठरवायला बसले की आठवडे जातात. रिब आणि रसायनांचा साठा बोगद्याच्या मुखाशी असावा, जिल्ह्याच्या गावी नव्हे. आणि डोंगरात बर्फ किंवा पावसाचे पाणी सर्वांत जास्त मुरते त्या महिन्यांत संशयित पट्ट्यात शिरायचे नाही, हे वेळापत्रक आखतानाच ठरवावे. चांगल्या खडकातला वेग थोडा कमी-जास्त करून ते जमते. पट्टा लागल्यावर ती मुभा उरत नाही.